शनिवारचं राज्य

"आज कुणी मेलं नाही, मावशी."

दार उघडलं की पहिलं हे बोलायचे. मी बेल वाजवायची, आतून सपातांचा फटफट आवाज यायचा, दार उघडायचं आणि हे. या नाही, बसा नाही. ज्या दिवशी कुणी मेलेलं असायचं त्या दिवशी गप बाजूला व्हायचे. मग मीच विचारायचं, "बरेच गेले का?" ते नुसती मान हलवायचे आणि आत जायचे.

पहिल्या दिवशी मी घाबरले होते. मीरा रोडला नवीन काम लागलेलं, घरात एकटा पुरुष माणूस, आणि दारातच असलं बोलणं. ज्या बाईंनी काम लावून दिलं त्या बोलल्या होत्या की माणूस सरळ आहे, बायको वारलीय, चपाती-भाजी करून यायचं. डोक्याने हलके आहेत असं काही सांगितलं नव्हतं. मी पदर खोचला आणि उंबऱ्यातनंच बोलले, "साहेब, कोण मरणार होतं?"

तर ते हसले. म्हणाले, "साहेब ऑफिसात ठेवून आलो. भाऊ म्हणा. आणि या, दाखवतो कोण ते."

दाखवलं ते कंप्युटरवर. आतल्या खोलीत टेबलावर कंप्युटर, शेजारी एक पलंग, त्याच्यावर चादर ताणून घातलेली. त्या पलंगावर कुणी झोपत नव्हतं हे मला चादर बघूनच कळलं. घरकाम करणाऱ्या बाईला चादर सगळं सांगते. आणि कंप्युटरच्या काचेत एक गाव होतं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देवीचं टेकाड होतं, तिथनं खाली बघितलं की गाव कसं दिसायचं, अगदी तसं. घरं एवढीएवढी. शेतं. एक नदी. माणसं मुंग्यांसारखी, पण नीट बघितलं तर कुणाच्या खांद्यावर लाकूड, कुणाच्या हातात विळा.

"ही माझी माणसं," भाऊ म्हणाले. "ह्यांना जगवायचं. शेजारचे राजे येतात मारायला. आज कुणी आलं नाही."

नाव मी त्यांचं सांगत नाही. मीरा रोडला शेअर रिक्षातून उतरून सेक्टरात शिरलं की असे भाऊ तुम्हाला बिल्डिंगीबिल्डिंगीत दिसले असतील. सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली येतात, वॉचमनशी उगीच दोन शब्द बोलतात, आणि मग दिवसभर त्यांच्या घराचं दार वाजत नाही. हे गिरगावातली खोली विकून इकडं आलेले. एका कापड कंपनीत हिशोबाला होते, कंपनीने लवकर घरी बसवलं. तिकडच्या खोलीच्या पैशात इकडं मोठी जागा आली. मुलाचं लग्न होईल, सून येईल, त्यांना वेगळी खोली पाहिजे. तीच ती आतली खोली. मुलगा शिकला आणि अमेरिकेला गेला. बायको नव्या घरात वर्ष-दीड वर्ष राहिली आणि वारली. राहिले भाऊ आणि ती ताणलेली चादर.

तो खेळ तेव्हा नवीनच निघाला होता. जुन्या काळच्या राजांचा. मुलाने तिकडून कुणाच्या तरी हाती त्याची सीडी धाडली, म्हणजे दोघांनी मिळून खेळायचं, हा इथून, तो तिथून. फोनवर बोलायला दोघांना सुचायचं नाही म्हणे. "जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. मग संपलं," भाऊ म्हणायचे. "खेळात तसं नाही मावशी. खेळात बोलायला विषय असतो."

माणूस आयुष्यभर आकडे मोडत बसलेला, त्याला असला खेळ कुठनं येणार. पण शिकले. सोमवार ते शुक्रवार एकटे खेळायचे, तो सराव. ती राज्यं बसायची, बुडायची, त्याचं काही नाही. शनिवारचं राज्य वेगळं. इकडं शनिवारची सकाळ म्हणजे तिकडं शुक्रवारची रात्र, मुलाला सुट्टी लागलेली असायची. त्या राज्यात एका अंगाला भाऊंचं गाव, डोंगराच्या पलीकडं मुलाचं. भाऊंचा झेंडा पिवळा, मुलाचा निळा. दोघं दोस्त, बाकीचे राजे दुश्मन. एक पाळी ह्याची, एक त्याची. पुढच्या शनिवारी जिथं थांबले तिथून पुढं.

भाऊ त्या खेळाबद्दल असं सांगायचे जसं लोक नव्या जावयाबद्दल सांगतात. एक गुण, एक खोड. मी चपात्या लाटायची, ते दाराशी उभे राहून सांगायचे. बैल मान हलवतो ती अगदी खरी. चिखलात घोडा हळू चालतो, हे ज्याने केलं त्याने घोडा बघितलेला आहे. पण माणसं जेवत नाहीत. कोठारातलं धान्य आपोआप कमी होतं, पण एकही माणूस ताटावर बसलेला दिसत नाही. दुसरं म्हणजे गावात म्हातारं कुणी नाही, पोर कुणी नाही. घरातनं माणूस बाहेर पडतो तोच मोठा होऊन, हातात कुऱ्हाड घेऊन.

"मरतात ते कुठं जातात?" मी एकदा विचारलं.

"तिथंच विरघळतात. राख नाही, काही नाही. ही मोठी खोड आहे."

मग एकदा मी पण माझं सांगितलं. त्या दिवशी टँकर आलेला नव्हता, बिल्डिंगीत सगळ्यांची तोंडं वाकडी, आमच्या भाईंदरच्या चाळीत तर मी पहाटेपासून कळशी घेऊन रांगेत उभी राहून आलेली. मी बोलले, "भाऊ, तुमच्या ह्या गावात पाणी कोण भरतं? नदी एवढी लांब, आणि मला डोक्यावर घागर घेतलेली एक बाई दिसत नाही."

भाऊंनी टेबलापाशी जाऊन सगळं गाव फिरवून बघितलं. खरंच कुणी नव्हतं. त्यांना एवढा आनंद झाला की बस. शनिवारी मुलाला सांगितलं, मावशी विचारतात पाणी कोण भरतं. मुलगा तिकडं हसला असणार, कारण भाऊ इकडं हसले आणि मला हाक मारून म्हणाले, "मावशी, तो म्हणतो तुम्हाला त्या कंपनीतच नोकरीला लावायला पाहिजे."

मी बोलले, "त्यांच्याकडं पाणी चोवीस तास असेल तर जाते."

तेव्हा भाऊ कानाला ते हेडफोन लावायचे. मला फक्त भाऊंचं ऐकू यायचं. "नाही रे, तिकडून नको, तिकडं दलदल आहे. हां. हां. आधी भिंत बांध. अरे, सैन्य कशाला, कोठार मोठं कर." मुलगा म्हणायचा सैन्य करा, बाप कोठार करायचा. अर्धा दिवस हे चालायचं. मी भाजी झाकून ठेवून जायची ती त्यांनी कधी खाल्ली मला माहीत नाही. पण शनिवारचं ताट दुसऱ्या दिवशी घासायला स्वच्छ असायचं.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका, सगळं तिथंच आहे.

भाऊंच्या शनिवारच्या गावात पहिलं पीक आलं तेव्हा त्यांनी त्यातल्या काही गाड्या डोंगरापलीकडं मुलाच्या गावाला पाठवल्या. खेळात तशी सोय होती, दोस्ताला काही पाठवायचं असलं तर. मुलगा म्हणाला, बाबा, माझ्याकडं भरपूर आहे, कशाला? भाऊ म्हणाले, नवीन धान्य आहे, वानोळा म्हणून घे. तर थोड्या वेळाने मुलाच्या गावातनं लाकडाच्या गाड्या निघाल्या आणि भाऊंच्या गावात आल्या. भाऊंनी विचारलं हे काय, तर तो म्हणाला, "आई म्हणायची ना, भांडं रिकामं परत करायचं नाही."

आपल्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारणीने वाटी भरून काही दिलं तर धुऊन नुसती वाटी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. भाऊंची बायको ह्या बाबतीत फार कडक होती म्हणे, वाटी घेऊन मुलालाच पिटाळायची, आणि वाटीत काय आहे हे तो वाटेत बघायचा. त्या दिवशी भाऊंनी ही गोष्ट मला सांगितली, वॉचमनला सांगितली, दुधवाल्याला हिंदीत सांगितली. दुधवाल्याला काय कळलं देव जाणे. पुढं दर शनिवारी इकडून धान्य जायचं, तिकडून काहीतरी यायचं. कधी दगड, कधी लोखंड. एकदा घोडे आले. भाऊंनी ते घोडे लढाईला कधी नेले नाहीत. कुरणात सोडून ठेवले होते.

असा उन्हाळा गेला, पाऊस गेला.

मग शनिवार हळूहळू गप झाले. मला ते स्वयंपाकघरातनं कळलं. आधी भाऊंच्या बोलण्यात मला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत, आता शिट्टी झाली की घरभर ऐकू जायची. सुरुवातीला थोडं बोलणं व्हायचं. बाबा कसे आहात, गोळ्या घेता ना, चला सुरू करू. मग काही नाही. भाऊ हेडफोन काढून बाजूला ठेवायचे आणि खेळत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, त्याला खूप काम असतं, हाताने खेळतो, बोलत नाही.

एका शनिवारी मी लादी पुसायला आत गेले तर ते खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेले. मी बोलले, "काय झालं? मेलं का कुणी?"

"नाही. धान्य पाठवलं, तिकडून काही आलं नाही."

"विसरला असेल."

"विसरला असेल," भाऊ म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी जास्त धान्य पाठवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी अर्धं कोठार रिकामं केलं. काचेवर इंग्रजीत एक ओळ यायची आणि जायची. मी विचारलं काय लिहिलंय. भाऊंनी मराठीत सांगितलं, "आपल्या भेटीबद्दल आमचं राज्य आभारी आहे." दर वेळी तेवढीच. कमी नाही, जास्त नाही.

दिवाळीनंतर कंप्युटर आतनं घरघर करायला लागला, म्हणून भाऊंनी नया नगरच्या एका कंप्युटरवाल्याला बोलावलं. चांगला माणूस, तोंडात कायम बडीशेप. त्यालाही सुट्टी मिळेल तेव्हा यायचं, तर तो नेमका शनिवारी आला. पंखा साफ केला, हेडफोन मोडला होता म्हणून दोन छोटे स्पीकर आणि बोलायला माईक जोडून दिला, आणि चहा पीत भाऊंचा खेळ बघत उभा राहिला. मी कपबशी न्यायला आले होते.

तो बोलला, "अंकल, ये नीलावाला कौन है?"

"मेरा लडका. अमेरिकामें रहता है."

कंप्युटरवाल्याने काचेवर कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं निळ्या नावापुढं बारीक अक्षरं होती. म्हणाला, अंकल, लडका शुरू में आता है, फिर निकल जाता है. उसके निकलते ही मशीन उसकी जगह बैठ जाती है, ताकि गेम रुके नहीं. अभी आप मशीन के साथ खेल रहे हो.

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. त्याने चहा संपवला नाही. पंखा साफ केल्याचे पैसे पण घेत नव्हता, भाऊंनी जबरदस्ती खिशात घातले आणि दारापर्यंत सोडून आले.

मी तिथंच उभी होते. भाऊ येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "मावशी, मला वाचता येतं. ती अक्षरं मी रोज बघतो."

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"पहिलं भांडं रिकामं आलं तेव्हापासून."

मी बोलले, मग मुलाला सरळ विचारा ना, बाबा रे, वेळ नसेल तर नको खेळू. भाऊंनी मान हलवली. म्हणाले, "विचारलं तर त्याला लाज वाटेल. लाज वाटली की माणूस येत नाही. आत्ता सुरुवातीला तरी येतो. कसे आहात विचारतो. गोळ्यांचं विचारतो. खेळ आहे म्हणून येतो, मावशी. खेळ गेला तर तेवढंही जाईल."

आणि त्यांनी त्यांची पाळी खेळली. मग पलीकडं मशीनची झाली. मग परत त्यांची.

मी त्यांना नावं ठेवली नाहीत, मुलालाही ठेवत नाही. माझी मुलगी खाडीच्या पलीकडं वसईला दिलीय. गाडीने म्हटलं तर हाकेवर आहे. तीही येते तेव्हा बॅग खांद्यावरच ठेवून बसते. तिच्या घरी सासू आहे, पाण्याची वेळ आहे, पोरांची शाळा आहे. तिने चहा घेतला की मी तिला दुसऱ्यांदा बस म्हणत नाही. माझा नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. भांडी आरशासारखी व्हायची आणि ह्यांच्या छातीत ती भुकटी बसायची. शेवटी बोलता यायचं नाही, नुसता हात वर करायचे, की बस इथं. आणि मला दुसऱ्यांच्या घरी चपात्या लाटायला जायचं असायचं. मी निघायची. त्यांना पण कळायचं. म्हणून भाऊंचं मला समजलं. माणूस किती वेळ बसला हे मोजत बसलं तर तेवढा वेळ पण हातातनं जातो.

पण खेळात मशीन माणसासारखं वागत नाही. ते आपला फायदा बघतं. थंडीच्या दिवसात एका शनिवारी भाऊंनी मला हाक मारली. "मावशी, जरा इकडं या." त्यांचा आवाज नेहमीचा होता, म्हणून मी चपाती तव्यावर ठेवूनच गेले.

डोंगरातनं माणसं उतरत होती. खूप. घोडे, भाले, भिंत पाडायची ती लाकडी यंत्रं. सगळ्यांवर निळे झेंडे.

"हे तर तुमच्या मुलाचे," मी बोलले.

"हो."

"मग इकडं कशाला?"

"दोस्ती मोडली त्यानं. मशीनला वाटलं असेल, ह्याचं कोठार भरलेलं आहे आणि सैन्य कमी आहे."

सैन्य कमी होतं, पण अगदीच नव्हतं असं नाही. एवढ्या महिन्यांत त्यांनी भिंत जाडजूड केली होती, बुरुजावर माणसं होती. मी बघून बघून थोडं शिकले होते. मी बोलले, "भाऊ, वेशी बंद करा. लढा ना."

"कुणाशी?"

"ते मशीन आहे. तुम्हीच बोलला."

भाऊंनी माऊसवरचा हात काढला. म्हणाले, "झेंडा त्याचा आहे."

मग आम्ही दोघं बघत राहिलो. भिंत एका बाजूने पडली. शेतातली माणसं विळे घेऊन तशीच काम करत होती, त्यांना कुणी पळा सांगितलं नव्हतं. ती विरघळली. कोठार जळालं. कुरणात घोडे होते तेही गेले. मला आमचं गाव आठवलं. आमचं गाव धरणात गेलं, मी तेव्हा लहान होते. लोकांनी घरांची दारं-चौकटी काढून गाड्यांवर घातल्या, आणि उघड्या भिंती मागं ठेवून आम्ही निघालो. माझा बाप मागं वळून बघत नव्हता, आणि मी गाडीच्या मागच्या बाजूला बसले होते म्हणून मला बघावंच लागलं. त्याचं आता काय रडायचं. पण त्या वेळीही असंच शांत होतं. गाव जाताना आवाज होत नाही.

तव्यावरची चपाती जळाल्याचा वास आला तेव्हा मी आत गेले.

तो आठवडाभर भाऊंनी कंप्युटर लावला नाही. दार उघडून नुसतं "या" म्हणायचे. मला वाटलं आता शनिवार पण बंद. पण शनिवारी मी गेले तर ते टेबलापाशी बसलेले. स्पीकर आल्यापासून मी पोचेपर्यंत त्यांचं दोन शब्दांचं बोलणं आटपलेलं असायचं, त्या दिवशी मी लवकर गेले होते, म्हणून मुलाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बापासारखाच, थोडा पातळ.

"बाबा, कसे आहात? गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"चला मग. सुरू करू." पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाला, "बाबा, तुमचं गाव कुठंय?"

"गेलं," भाऊ म्हणाले. "मागच्या शनिवारी."

मी कणीक मळता मळता हात थांबवला. मला वाटलं, आता बोलेल. बाबा, मी नव्हतो, एवढं बोलला तरी खूप आहे. भाऊ पण त्याचीच वाट बघत असणार. कारण पुढं तर काही अवघड नव्हतं, भाऊ लगेच म्हणाले असते, असू दे रे.

मुलगा म्हणाला, "हां, हां. आठवलं. आपण लढलो ना दोघं. मी पण सैन्य पाठवलं होतं, पण उशीर झाला. थोडक्यात गेलं, बाबा."

भाऊंना उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "हो. तू होतास म्हणून तेवढं तरी टिकलं."

"नवीन सुरू करायचं का?"

"नको आता," भाऊ म्हणाले. "डोळ्यांना त्रास होतो. डॉक्टर म्हणाले कंप्युटर बंद करा. मी तुला सांगणारच होतो."

"बरं बाबा. डोळे जपा. डोळे महत्त्वाचे." फार लवकर बरं म्हणाला. मग त्याचाही आवाज जरा मोकळा झाला, थोडं हवापाण्याचं बोलला, आणि बंद केलं.

डॉक्टरकडं भाऊ गेलेच नव्हते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. आतून आले, ताटावर बसले आणि नेहमीपेक्षा जास्त जेवले. दुःखात माणसाला घास उतरत नाही म्हणतात, ते सगळ्यांना लागू नाही. जेवता जेवता म्हणाले, "मावशी, खेळ तसा चांगला आहे. नवीन निघाला तेव्हा लोक उगीच नावं ठेवत होते. फक्त एक आहे, तो दोघांनी खेळायचा आहे."

मुलाचा फोन पुढं कधी रविवारी यायचा, कधी महिन्याने. भाऊ त्याला दर वेळी सांगायचे की डोळे आता बरे आहेत, पण डॉक्टर नको म्हणतात.

त्याच्या पुढच्या थंडीत त्यांना ताप आला. साधाच वाटला. मी सकाळी पेज करून दिली, दुसऱ्या दिवशी गेले तर बोलताना धाप लागत होती. वॉचमनने आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून ते घरी आले नाहीत. मुलगा पोचला तेव्हा दोन दिवस बर्फात ठेवलेले होते.

मुलगा बाराव्या-तेराव्यापर्यंत त्या घरात राहिला. मी त्याला पण चपात्या करून घालत होते. चांगला होता हो. हळू बोलायचा, ताट उचलून स्वतः मोरीत ठेवायचा. आतल्या पलंगावर झोपायचा, पहिल्यांदा त्या चादरीला सुरकुती पडलेली मी बघितली. घर विकायचं ठरलं होतं. जायच्या आधी त्याने कपाट काढलं. भाऊंचे कपडे गाठोड्यात बांधून मला दिले, कुणाला द्यायचे त्याला द्या म्हणाला. मग म्हणाला, "मावशी, एक शर्ट मी नेतो. आठवण म्हणून. ते नेहमी कुठला घालायचे?"

नेहमी ते बनियन-लुंगीवरच असायचे. मी कपाटातला बाजूला टांगलेला शर्ट काढून दिला. फिक्का निळा, कॉलर इस्त्रीने ताठ.

"हा शनिवारचा," मी बोलले.

"शनिवारचा म्हणजे?"

"तुमच्याशी खेळायला बसायचे तेव्हा घालायचे. आंघोळ करून, भांग पाडून. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं शुक्रवारी द्यायचे."

त्याने शर्ट हातात घेतला. म्हणाला, "पण मला दिसायचं नाही मावशी. कॅमेरा नव्हता."

"हो," मी बोलले.

तो पलंगावर बसला. शर्ट मांडीवर ठेवून त्याने वरचं बटण लावलं, काढलं. मग वर न बघता विचारलं, "शेवटी शेवटी पण घालायचे?"

"घालायचे."

"खेळ बंद केल्यावर?"

मी त्याला खोटं सांगू शकले असते. पण त्याच्या बापाने त्याला एवढं सांभाळून घेतलं होतं, आता कुणीतरी त्याला खरं सांगायला पाहिजे होतं.

"शनिवार होता ना तो," मी बोलले. "दर शनिवारी घालायचे. घालून इथंच बसायचे, ह्या खुर्चीत. कंप्युटर बंद असायचा."

मी आत जाऊन गॅस बारीक केला. बऱ्याच वेळाने मी डोकावले, तर तो खुर्चीत बसला होता, बंद काचेसमोर. अंगात तो शर्ट होता. खांद्यावर त्याला जरा मोठा होत होता.